उतरती आच

अनारसा तुपात सोडला आणि तो हसला. ज्यांनी स्वतः अनारसे केलेत त्यांच्या पोटात हे वाचूनच गोळा आला असेल, बाकीच्यांसाठी सांगते, अनारसा हसला म्हणजे फुटला, कढईत पडल्या पडल्या सुटा झाला, खसखस एकीकडे, गूळ एकीकडे, आणि मघाशी पिवळंधमक दिसणारं तूप दोन मिनिटांत गढूळ. पहिला हसला. दुसरा हसला. तिसरा तूप जरा जास्त तापवून सोडला तर तो हसला आणि वर जळलाही. मागे स्टुलावर आई बसलेली होती, ती काहीच बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं मला तेव्हा फार लागलं.

ही जुलै २०२३ ची गोष्ट. अधिक श्रावण चालू होता, १८ जुलैला लागला तो १६ ऑगस्टला संपणार होता. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं आणि सौर वर्ष ३६५ चं, दरवर्षी अकरा दिवस मागे पडतात ते साचत जातात आणि साधारण दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अख्खा महिना जास्तीचा येतो, तो अधिक महिना, गावाकडे धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला लक्ष्मीनारायणाच्या जागी मानून तीस-तीनचं वाण देतात, म्हणजे तेहतीस अनारसे, ताट, दिवा. अनारसेच का तर जाळीदार पदार्थ हवा. ज्यांना जमत नाही ते बत्तासे देतात, म्हैसूरपाक देतात, आणि त्यात काहीही कमी नाही, पण आमच्या आईला अनारसेच हवे असायचे.

माझं लग्न २००२ चं. त्यानंतर २००४, २००७, २०१०, २०१२, २०१५, २०१८ असे सहा अधिक महिने आले आणि सहाही वेळा आई साताऱ्याहून स्टीलचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं आणि मग लोकलनं वसईला आली. डब्याखाली टॉवेलची घडी, धक्का लागू नये म्हणून. २०२० ला अधिक आश्विन होता आणि तेव्हा सामान्य माणसांना लोकल बंद होती, ती तिकडे, आम्ही इकडे. फोनवर म्हणाली, जावईबापूंचं वाण राहिलं गं यंदा. मी म्हटलं, अगं आई, जग बंद आहे, देवाला कळतं. ती हो म्हणाली, पण तिला ते लागून राहिलं होतं हे मला नंतर कळलं. कारण पुढं बाबा गेले, आईच्या हाताला कंप सुरू झाला, आम्ही तिला वसईला घेऊन आलो, आणि २०२३ चं पंचांग घरात आल्या आल्या तिनं सगळ्यात आधी अधिक महिना कधी लागतोय ते बघितलं. मग एक दिवस मला हळूच म्हणाली, माझ्या हातून आता अनारसा थापून होणार नाही, तू करशील का? वाण मी देईन.

म्हणजे बघा, माझ्याच नवऱ्याला द्यायचं वाण, ते मी करायचं आणि आईनं द्यायचं. मला ते इतकं भरून आलं की मी लगेच हो म्हटलं.

मी तशी स्वयंपाकघरात रमणारी. चकली, करंजी, शंकरपाळी, बेसनाचे लाडू हे सगळं दर दिवाळीला घरी करते, केक तर अगदी तेव्हापासून करते जेव्हा ओव्हन नव्हता आणि कुकरची शिट्टी न् रिंग काढून तळाशी वाळू पसरून त्यावर भांडं ठेवायचो. पण अनारशाला कधी हात लावला नव्हता, कारण आई होती. हे बहुतेक सगळ्यांचं असंच होतं का? घरातली एक गोष्ट कुणाची तरी म्हणून ठरून गेलेली असते आणि आपण ती शिकायची राहून जाते.

तर अनारसे. आईचं माप चार वाट्या जुना जाडा तांदूळ. नवा घ्यायचा नाही, नवा चिकट. तो धुऊन तीन दिवस भिजत घालायचा आणि रोज पाणी बदलायचं, एकही दिवस विसरायचं नाही, नाहीतर वास येतो. तिसऱ्या दिवशी तांदळाला एक आंबूस वास येतो, तो चांगला वास, दाणा दोन बोटांत दाबला की चुरा होतो. मग तो उपसून सुती कापडावर सावलीत पसरायचा. उन्हात नाही. इथं सगळी मेख आहे, कारण तांदूळ सुकवायचा नाही आणि ओलाही ठेवायचा नाही. आई म्हणते मूठ आवळली की गोळा झाला पाहिजे आणि मूठ उघडून बोट लावलं की मोडला पाहिजे. मग दळून, बारीक चाळणीनं चाळून, त्यात किसलेला गूळ, चार वाट्या पिठाला तीन वाट्या. गूळ साधा, चिकीचा अजिबात नाही, तो चिकट असतो आणि कढईत ताणला जातो. मळून एक चमचा तूप घालून डब्यात दाबून भरायचं आणि चार-पाच दिवस विसरून जायचं. गूळ तेवढ्यात पिठात मुरतो.

साताऱ्याच्या हवेत तांदूळ तासा-दीड तासात हवा तसा होतो. वसईत जुलैमध्ये काय होणार? समुद्र हाकेवर, बाहेर पाऊस कोसळतोय, भिंतींना हात लावला तर ओल, मिठाच्या बरणीत पाणी. मी पंखा पाचवर ठेवून हॉलमध्ये जुन्या साडीवर तांदूळ पसरले, रात्री झोपताना जसे होते तसेच सकाळी. मी विचार केला एवढं काय, थोडं ओलं तर ओलं, आणि दळून टाकले. चाळताना पीठ चाळणीच्या जाळीला चिकटत होतं, तेव्हाच मला थांबायला हवं होतं. आईच्या वहीत चाळणीबद्दल काही लिहिलेलं नाही, पण हात सांगत होता आणि मी हाताचं ऐकलं नाही. गूळ घातला, पीठ मुरवलं, पाचव्या दिवशी कढई चढवली आणि मग जे झालं ते वर सांगितलंच.

नंतर शांतपणे विचार केल्यावर यातलं कारण मला समजलं. मैद्यात चिवटपणा असतो, पाणी लागलं की त्याचे धागे धरतात, म्हणून शंकरपाळी तुपात सुटत नाही. तांदळाच्या पिठाला तसलं काहीच नसतं. अनारशात धरून ठेवणारा फक्त गूळ, आणि तोच तापला की वितळून पाक होतो. पीठ हवं तेवढं कोरडं असेल तर तो पाक पीठ पिऊन घेतं आणि ओलाव्याची वाफ बाहेर पडताना भोकं पाडत जाते, ती जाळी. पीठ आधीच ओलं असेल तर पाकाला जागाच राहत नाही, तो वाहतो, आणि सोबत पीठही घेऊन जातो. एका वाटीभर पाण्याचा सगळा प्रश्न.

कढई उतरवून मी ओट्याला टेकून उभी राहिले तेव्हा आई बोलली. म्हणाली, पीठ वाईट नाही झालं, ओलं राहिलंय. वाटीभर कोरडं पीठ बाजूला ठेवलंयस का? मी नव्हतं ठेवलं. मग तिनं सांगितलं की ती नेहमी ठेवायची, गूळ न घातलेलं वाटीभर पीठ, एवढ्यासाठीच, हसलं तर मिसळायला. हे वहीत का नाही लिहिलं असं विचारलं तर म्हणाली, अगं ते तर करतातच ना. म्हणजे तिच्या लेखी ते कृतीत येतच नव्हतं. वहीत प्रमाण असतं, आणि जे "करतातच" ते लिहिलेलं नसतं. तुमच्याकडे आई-आजीची वही असेल तर ती समोर धरून एकदा त्यांना विचारून घ्या, यात न लिहिलेलं काय आहे. मी हे अगदी मनापासून सांगते.

अधिक महिना संपायला वेळ होता. मी दोन वाट्या तांदूळ पुन्हा भिजत घातले. पुन्हा तीन दिवस, रोज पाणी. आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, वाळवायचे कुठे.

आमच्या समोरच्या दारातल्या मावशी वसईच्याच, पिढ्यान्‌पिढ्या इथल्या, ख्रिश्चन. घरात बोलतात ती त्यांची मराठी वेगळी, आमच्याशी बोलतात ती वेगळी. त्यांच्याकडं माझ्यापेक्षा मोठा ओव्हन आहे आणि त्यांचा हात असा आहे की त्यांनी मैदा, अंडी, साखर समोर ठेवली तरी घर भरल्यासारखं वाटतं. त्या दिवशी त्यांच्या नातवाचा वाढदिवस होता, संध्याकाळी केकचे चार तुकडे घेऊन आल्या आणि हॉलमधली साडी, तांदूळ, पंखा, माझा चेहरा हे सगळं बघून म्हणाल्या, अगं पोरी, ओव्हन आत्ताच बंद केलाय, अजून ऊब आहे, आण की तांदूळ.

मी आईकडे बघितलं. खरं सांगते, मला अवघड झालं होतं. वाणाचे तांदूळ, आणि ज्या ओव्हनमधे आत्ता अंड्याचा केक भाजलाय. आई आयुष्यभर सोवळ्यात नैवेद्य करणारी बाई, अनारशाला तर ती धूतवस्त्र नेसायची. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, आच कुणाची असते गं? आपलं ताट घे, धुऊन घे.

आम्ही तिघी मावशींच्या स्वयंपाकघरात गेलो, मी आईला धरून धरून नेलं. ओव्हन बंद होता, दार अर्धं उघडं. मावशींनी आधी स्वतःचा हात आत घालून बघितला, मग मला घालायला लावला, हात आत ठेवून सहज दहा आकडे मोजता येतील एवढीच ऊब. जास्त असती तर तांदूळ शिजल्यासारखा झाला असता. आमच्या ताटात तांदूळ पातळ पसरून आत सरकवला आणि दार उघडंच ठेवलं, ओलावा बाहेर जायला. दर पाच मिनिटांनी ताट बाहेर काढायचं, हातानं परतायचं, आत. तिसऱ्यांदा ताट काढलं तेव्हा आईनं हात पुढं केला. तिचा उजवा हात जास्त थरथरतो. तिनं मूठभर तांदूळ घेतले, मूठ आवळली, आणि मूठ आवळलेली असताना तेवढ्यापुरता तिचा हात थांबला. मग मूठ उघडली. तळव्यावर बोटांच्या खुणा उमटलेला पांढरा गोळा. मावशींनी बोट लावलं, गोळा मोडला. बास, म्हणाली आई. मावशी पण म्हणाल्या बास, त्यांना अनारशातलं काही माहीत नव्हतं तरी.

ते पीठ दळून, चाळून (चाळणीतून असं भुरभुर पडत होतं!) आधीच्या पिठात थोडं थोडं मिसळलं, दोन दिवस मुरू दिलं. थापताना पीठ सैल होण्यासाठी आई पिकलेल्या केळ्याचा एक छोटा तुकडा कुस्करून घालते, आणि वसईत केळ्याला काय तोटा, इथल्या राजेळी केळ्यांची सुकेळी प्रसिद्धच आहे. मी अर्ध्या बोटाएवढा तुकडा घातला. प्लास्टिकवर खसखस पसरून त्यावर लिंबाएवढा गोळा बोटांनी थापला, आणि खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडला.

आधी काही झालं नाही. मग कडेनं बारीक बुडबुडे आले. मग मधून, खसखशीच्या दाण्यांमधून एक भोक उघडलं, त्याच्या शेजारी दुसरं, आणि बघता बघता सगळ्या अंगभर. अनारसा उलटायचा नसतो, झाऱ्यानं वर तूप उडवत राहायचं, मी उडवत होते आणि प्रत्येक वेळी तूप त्या भोकांतून खाली उतरत होतं. रंग बदामी झाला की काढून चाळणीत उभा ठेवायचा, तूप निथळतं. पहिला अनारसा मी आईच्या हातात दिला, तिनं तो दिव्यासमोर धरला आणि त्यातून पलीकडे बघितलं. म्हणाली, दिसतंय.

तेहतीस झाले आणि वर आठ. आईनं पितळेच्या ताटात मांडून, निरांजन लावून वाण दिलं, ताट मी खालून धरलं होतं. नवरा वाकून नमस्कार करायला गेला तर डोळे पुसत उठला. त्याला २०२० चं माहीत होतं. उरलेल्या आठांतले चार मावशींकडे गेले.

त्याच वर्षी दिवाळीत नानकटाईच्या वेळी मला त्या ओव्हनच्या उबेची पुन्हा आठवण झाली. नानकटाई माझी नेहमी पसरायची. घरच्या ओव्हनला १८० वर ठेवली की वरून तडे, खालून करपलेली, मधे कच्ची, आणि आकार पापडासारखा. लहानपणी साताऱ्यात आम्ही नानकटाई बेकरीत नेऊन भाजून आणायचो. ज्यांनी ते बघितलंय त्यांना काय सांगायचं, मैदा, रवा, साखर, डालडा हे सगळं घरून पिशवीत, सोबत पत्र्याचा डबा, डब्यावर आडनावाची चिठ्ठी, आणि बेकरीच्या मागच्या दारी बायकापोरांची ही रांग. बाबा मला घेऊन जायचे. आत अंधार, भट्टीच्या तोंडातून लाल उजेड, आणि एक जण लांब दांड्याची लाकडी फळी आत-बाहेर करत असायचा. आम्हाला नेहमी दुपारी बोलवायचे. सकाळी का नाही असं मी एकदा विचारलं होतं तर तो फळीवाला म्हणाला होता, सकाळी पाव, पावाला भट्टी पेटती लागते, तुमची नानकटाई उतरत्या आचेची. आणि सगळ्यात शेवटी, भट्टी जवळजवळ निवल्यावर, टोस्ट आत ठेवायचे, ते रात्रभर त्या उबेत वाळत.

उतरती आच. चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेला शब्द, आणि मी वीस वर्षं ओव्हनचं बटण एकाच आकड्यावर ठेवत होते. त्या दिवाळीत मी ओव्हन १८० ला नीट तापवून घेतला, ट्रे आत ठेवला आणि बटण १५० वर आणलं. शिवाय तूप. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे तूप घरातच पातळ होतं, ते तसंच घेतलं तर गोळे ओव्हन तापायच्या आधीच बसतात, म्हणून तूप घट्ट हवं आणि साखरेबरोबर हातानं पांढरं होईपर्यंत फेसायला हवं, आणि वळलेले गोळे वीस मिनिटं फ्रीजमध्ये. दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे रवा, वाटीभर पिठीसाखर, वाटीभर तूप, वेलदोडा, जायफळ, चिमूटभर सोडा. पंधरा-अठरा मिनिटं, मग बंद करून आतच पाच मिनिटं. वर तडे गेले ते सुद्धा भट्टीतल्यासारखे, फुलासारखे. नान म्हणजे फारसीत रोटी, आणि नानकटाई सुरतेच्या बेकऱ्यांमधून इकडं आली असं सांगतात, पण माझ्यासाठी ती साताऱ्याच्या त्या मागच्या दारातूनच आली आहे आणि येत राहील.

डिसेंबरात मग मावशींनी मला कुलकुल करायला बसवलं. नारळाच्या दुधात भिजवलेल्या पिठाच्या छोट्या गोळ्या नव्याकोऱ्या फणीवर दाबून गुंडाळायच्या, शंखासारख्या दिसतात, मग तळायच्या. टेबलाभोवती त्यांच्या सुना, नातवंडं, मी, आणि आई. आईला गुंडाळणं जमेना पण तिला फणीवर अंगठा दाबून पुढं ओढणं जमलं, थरथरत्या हाताच्या कुलकुलांवर रेघा जरा जास्त नागमोडी आल्या. मावशींच्या नातीनं त्या वेगळ्या काढून ठेवल्या, या आजींच्या म्हणून. पोर्तुगीज इथं १५३४ ला आले आणि १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, त्या दोनशे वर्षांतून पाव हा शब्द आपल्या तोंडात कायमचा बसला, नाताळच्या ताटातले कितीतरी पदार्थ इथले झाले, पण त्या ताटातली नेवरी उचलून बघा, ती आपली करंजीच आहे.

आता २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मेला लागतोय. आईचा कंप वाढलाय, बोलणंही हळू झालंय. पण परवा तिनं खुणेनं वही मागितली आणि अनारशाच्या पानावर बोट ठेवलं, मी समजले आणि तिच्यासमोर पेनानं लिहिलं, वाटीभर कोरडं पीठ बाजूला ठेवणे. तिनं मान हलवली. मग आणखी एक ओळ लिहिली, चाळणीला चिकटलं तर थांबणे. यावर ती जरा हसली.

तांदूळ जुना आणून ठेवलाय, जाडा, दोन किलो. मावशींना म्हटलं मे महिना आहे, घरात नुसत्या पंख्यावरही वाळतील, यंदा ओव्हन नाही लागायचा. त्या बरं म्हणाल्या. काल कळलं की त्यांनी त्याच आठवड्यात केक करायचं ठरवलंय, वाढदिवस कुणाचाच नाहीये.